घराला ओल हवी

१९ जानेवारी, अकोला

डायरी लिहायची मला सवय नाही. शाळेत शिकवत असताना मुलींना लिहायला लावायचे आणि त्यांच्या चुका काढायचे, तेवढाच संबंध. आज लिहिते आहे, कारण आज झालं ते कोणाला तरी सांगायला हवं, आणि घरात सांगण्याजोगं जे एक माणूस आहे त्यालाच ते झालं.

सकाळी मी चहा ठेवला तेव्हा हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. कप घेऊन आले तर ओठ निळे. गळ्यावरच्या छिद्रात कफ सुकून त्याची खपली झाली होती आणि ती आत अडकली होती. नागपूरच्या नर्सने शिकवलं होतं तसे सलाइनचे थेंब टाकले, चिमटा घातला, ओढलं. शेंगेच्या टरफलाएवढं काहीतरी निघालं आणि मग श्वास आला. तोवर गॅसवर राहिलेलं दूध उतू गेलं होतं. मी ओटा पुसला.

संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. दिवाळीत यांचं स्वरयंत्र काढलं तेव्हापासून यांचा श्वास नाकातून जात नाही, गळ्यातून थेट आत जातो. डॉक्टरांनी आज ते मला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. नाक हवेला ओलं करतं, कोमट करतं, गाळून घेतं. आता ते काम करायला कोणी नाही, म्हणून अकोल्याची कोरडी हवा जशी आहे तशी आत जाते आणि कफ वाळतो. छिद्रावर लावायची जाळीची चकती दिली होती, ती चिकट कफाने तासाभरात भरते. बोलण्यासाठी आत एक व्हॉल्व्ह बसवला आहे, तोही त्यानेच तुंबतो. छिद्रावर अंगठा ठेवून बोलायला गेले की खोकल्याची उबळ येते, म्हणून आमच्या घरात सध्या पाटी चालते.

डॉक्टर म्हणाले, घरातली ओल चाळीस टक्क्यांच्या वर न्या. होळीपर्यंत जमलं तर उत्तम, नाहीतर यांना मुलाकडे ठाण्याला हलवा, तिकडे हवेतच पाणी आहे. उन्हाळ्यात इथे ठेवायची जबाबदारी ते घेणार नाहीत.

ठाण्याला मी जाणार नाही. म्हणजे, यांना ते मानवणार नाही. हेमचंद्र वकील बोलायला उभे राहिले की कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्याला ऐकू यायचं. असा माणूस अकोल्याबाहेर काय करेल?

२२ जानेवारी

ओल मोजायचं घड्याळासारखं यंत्र आणलं. काटा बावीसवर. प्रत्येक खोलीत पाण्याची पातेली ठेवली, दोरीवर ओले टॉवेल टाकले, गॅसवर दिवसभर पाणी उकळलं. काटा तेवीस. सगळी दर्यात खसखस.

शेजारच्या गोदाबाई येऊन पातेली मोजून गेल्या. म्हणाल्या, मांजरं पाळली का?

२६ जानेवारी

माझा धाकटा भाऊ भगवंतराव अमरावतीला कूलर बनवतो. तीस वर्षं झाली. सगळ्या खानदानात तोच एक शिकला नाही आणि तोच एक अजून कमावतो आहे. त्याला फोन केला. मी दोन वाक्यं बोलले असेन, त्याने वीस ऐकवली. पूर्ण घराला ओल देणारं मशीन त्याला करायचंच आहे म्हणे, बाहेरच्या देशांत घरोघरी असतं, विदर्भात कोणीच करत नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. पण दुसरं कोण आहे?

२९ जानेवारी

गोदाबाईंना यांच्याजवळ बसवून अमरावतीला जाऊन आले. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा लक्षात आलं की मी घरातून निघाल्यापासून यांचा विचार केला नाही. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. वाटलं नाही. खिडकीतून तुरीची रिकामी शेतं बघत बसले.

भगवंताच्या कारखान्यात त्याने मला लोखंडी पेटी उघडून दाखवली. आत मधमाशांच्या पोळ्यासारखी जाड कागदी जाळी उभी असते. वरून तिच्यावर पाणी ठिबकतं. मागचा पंखा घरातलीच हवा ओढून त्या ओल्या जाळीतून ढकलतो, हवा लागेल तेवढं पाणी उचलते आणि पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत जाते. भिंतीवर एक डबी. ठरवलेली ओल झाली की ती मशीन बंद करते, कमी झाली की चालू करते. फार झाली तरी वाईट, भिंतींना बुरशी धरते.

मी म्हटलं, म्हणजे कूलरच की. त्याला राग आला.

"कूलर नाई ताई. कूलर बाहेरची हवा थंडी करते. हे घरातलीच हवा फिरवते आन् तिले पाणी पाजते. जावईबापूचं नाक समज."

हे ऐकून मला हसू यायला हवं होतं.

३ फेब्रुवारी

मशीन बसलं. न्हाणीघरावरच्या माळ्यात पेटी, पॅसेजच्या छताला चकचकीत नळी, प्रत्येक खोलीत एक झरोका. घर दवाखान्यासारखं दिसतं. भगवंताने आणि त्याच्या माणसांनी भिंतीला पाच भोकं पाडली आणि सगळा चुना माझ्यासाठी ठेवून गेले.

पाण्यावरून वाद झाला. मी बोअरचं लावा म्हणत होते, कूलरला आपण तेच घालतो. भगवंता म्हणाला, तुझ्या बोअरला खारं पाणी, आठ दिवसांत जाळी पांढरी दगड होईल. म्हणजे नळाचं पाणी. आमच्याकडे नळ रोज येत नाही आणि प्यायचं पाणी मशीनला पाजायचं हे माझ्याने बघवत नाही. पण पाजते आहे.

निघताना दारात उभा राहून, चपला घालता घालता त्याने बजावलं, "एक खिडकी अर्धी उघडी ठेवजो, नाईतर चिपचिप होईन." ते काय सांगायला हवं? मी लहानपणापासून तेच करते आहे. स्वयंपाकघराची खिडकी अर्धी उघडून अडकण लावलं.

काटा पंचवीस.

५ फेब्रुवारी

जेवणानंतर यांनी पाटीवर लिहिलं, ‘ठाणे’. फक्त तेवढंच. आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, काळजी करू नका, तुम्हाला मी कुठेही पाठवणार नाही, मशीन बसलं आहे, भगवंता आहे. यांनी बराच वेळ पाटी हातात तशीच धरली, मग पुसली. दिलासा मिळाला असावा.

८ फेब्रुवारी

काटा सत्तावीस. त्यापुढे जायला तयार नाही. भगवंता येऊन गेला. पंखा मोठा बसवला, जाळी जाड केली. अठ्ठावीस. म्हणाला, ताई, मशीन तर बरोबर चालून राहिलं, घरच तुमचं पाणी पिऊन राहिलं. त्याच्या म्हणण्यानुसार आधी भिंती, लाकूड, गाद्या, पुस्तकं पितात, मग हवेला उरतं. वकिलाच्या घरात पुस्तकं किती असतात ते त्याला माहीत नसावं. थांबू.

दुपारी वामनराव आले, यांचे कोर्टातले मित्र. त्यांचा आवाज फाटकात ऐकू आल्याबरोबर हे उठून आतल्या खोलीत गेले आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. फार थकतात. वामनराव तासभर बसले. यांनी एका साक्षीदाराला उलटतपासणीत कसं रडवलं होतं त्याची नक्कल करून दाखवली, अगदी हुबेहूब, तोच खर्ज, तोच मध्ये घेतलेला श्वास. आत ऐकू जात असेलच, यांना बरं वाटलं असेल. मी वामनरावांना म्हटलं, रोज येत जा.

११ फेब्रुवारी

ठाण्याहून व्हिडिओ कॉल. नात स्वराली दुसरीत आहे. हे पाटीवर चित्र काढतात, ती ओळखते, मग ती काढते आणि हे ओळखतात. आज हे हसले. आवाज येत नाही, खांदे हलतात. तिने मोबाइल फिरवून खाडी दाखवली, तिची खोली दाखवली, आजोबांचा पलंग कुठे लावायचा तेही दाखवलं. यांनी खुणेने त्या पलंगाची जागा खिडकीजवळ घ्यायला लावली. तेवढाच वेळ जातो.

गोदाबाई तेव्हा बसल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "बाई, भाऊजी माणसं आली का आत जातात, आन् मोबाइल आला का बाहेर येतात. काहून?" मी सांगितलं, मोबाइलवर बोलावं लागत नाही.

१४ फेब्रुवारी

आज छिद्रातून रक्त आलं. फार नाही, रुमालभर. आतली कातडी कोरडी पडून फुटली आहे असं डॉक्टर म्हणाले. काट्याचा आकडा विचारला. अठ्ठावीस सांगितला. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तिकीट काढून ठेवा, नको असेल तर रद्द करता येतं.

घरी येऊन रुमाल थंड पाण्यात भिजवला. मीठ टाकलं की डाग जातो. मग भाकरी केली, वांग्याची भाजी होती, जेवले. पोटभर जेवले. हे लिहायला लाज वाटते. पण लाजसुद्धा अशी आहे की जणू ती दुसऱ्या कोणाची आहे.

१५ फेब्रुवारी

तिकीट काढलं नाही.

१९ फेब्रुवारी

भगवंता धामणगावच्या एका व्यापाऱ्याला मशीन दाखवायला घेऊन आला. न विचारता. आमच्या पॅसेजमध्ये उभं राहून, वर बोट करून त्याने असं काही वर्णन केलं की मीही विकत घेतलं असतं. ओठ फुटत नाहीत, नाकातून रक्त येत नाही, पोरांचा कोरडा खोकला जातो, सागाचे दरवाजे तडकत नाहीत. व्यापाऱ्याने भिंतीवरचा काटा पाहिला आणि विचारलं, मग हा अठ्ठावीस काऊन आहे? भगवंता म्हणाला, तो मोजायच्या यंत्राचा दोष आहे. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं.

ते दोघे गेल्यावर मी यांच्यापुढे बसून सांगितलं की मी हरणार नाही. यांनी खडू उचलला, मग ठेवून दिला.

२३ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहिते.

गोदाबाईंनी वर्षाचं तिखट करायला घेतलं. त्यांच्या माहेरून, हिवरखेडहून, मिरच्या येतात. त्या अंगणात भाजतात आणि उखळात कुटतात. गिरणीचं तिखट त्यांना चालत नाही. सकाळीच मला सांगायला आल्या, बाई, भाऊजीच्या गळ्याले ठसका लागंन, तुमी घर बंद करून घ्या. मी सगळ्या खिडक्या लावल्या, स्वयंपाकघराचीही. दाराच्या फटीत ओली फडकी कोंबली. यांना आतल्या खोलीत बसवलं. दुपारभर मिरच्यांचा धूर गल्लीत होता आणि आम्हाला एक शिंक आली नाही.

चार वाजता सहज भिंतीकडे पाहिलं. काटा अडतीस.

मी यंत्राला टिचकी मारून पाहिली. अडतीसच. पाचला एकोणचाळीस. गोदाबाईंचं कुटून झालं, मी खिडकी पूर्वीसारखी अर्धी उघडली, भांडी घासली, आणि पाहते तो तेहतीस. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कूलरला खिडकी उघडी लागते, कारण तो बाहेरची हवा आत ओततो, तिला जायला वाट हवी. हे मशीन घरातलीच हवा फिरवतं. वीस दिवस मी पिण्याचं पाणी पाजून गल्लीला ओल देत होते.

भगवंताला फोन केला. त्याने खिडकीचं मला दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "ताई, तीस वर्षं झाली, गिऱ्हाईकाले तेच सांगून राहिलो. मशीन नवं केलं, तोंड जुनंच राहिलं."

त्याला बोलण्यात अर्थ नव्हता. खिडकी मीच उघडली होती, आणि त्याने सांगितलं नसतं तरी उघडली असती.

२५ फेब्रुवारी

बेचाळीस.

घर बंद. भाजीवाला ऐकू येत नाही, शाळेची घंटा ऐकू येत नाही, गोदाबाई सुनेला बोलतात ते ऐकू येत नाही. फक्त वरचा पंखा, आणि यांच्या गळ्यातून येणारा श्वास. एवढ्या दिवसांत तो मी असा ऐकलाच नव्हता. दोनदा खिडकीपाशी गेले आणि परत आले. शेवटी रेडिओ लावला. जुनी सवय लवकर जात नाही, दुसरं काही नाही.

२७ फेब्रुवारी

पंचेचाळीस. डबी आता आपोआप मशीन बंद-चालू करते. यांचा कफ पातळ झाला आहे, चिमटा लागला नाही. पहाटेपर्यंत सलग झोपले. चकती दिवसभर टिकते. माझ्या टाचांच्या भेगा भरत आहेत. साडी नेसताना विजेसारखे चटके बसायचे ते बंद झाले. कपाटाचं दार, जे चार महिने आपोआप उघडायचं, आज चौकटीत बसलं. भगवंताला हे सगळं सांगितलं तर त्याने लिहून घेतलं, गिऱ्हाइकांसाठी.

मी जिंकले. हे मी सकाळपासून तीन वेळा स्वतःला सांगितलं. अजून आत कुठे पोचलेलं नाही.

१ मार्च

डॉक्टर घरी येऊन गेले. गळा तपासला, काटा पाहिला, भिंतींना बुरशी नाही ना तेही पाहिलं. म्हणाले, बाई, तुम्ही कमाल केलीत, ठेवा यांना इथे. आता बोलायचा सरावही सुरू करा. हे डॉक्टरांकडे पाहत होते, माझ्याकडे नाही.

यशोधनला कळवलं की ठाण्याचं रद्द. तो बरं म्हणाला. माझा मुलगा कधी वाद घालत नाही, बापावर गेला नाही.

होळी

पुरणपोळी केली. यांना दूध घालून मऊ करून दिली. जेवणं झाली, मी ताटं उचलत होते.

"शैला."

मी कोणी आलं असं समजून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. हे माझ्याकडे बघत होते आणि अंगठा गळ्यावर होता. घोगरा, एकसुरी, रेडिओवर स्टेशन अर्धवट लागावं तसा आवाज. माझं नाव मात्र नीट आलं. मी ताटं खाली ठेवली.

"मला ठाण्याला जायचं आहे."

मला वाटलं यांना डॉक्टरांचं कळलं नाही. मी समजावून सांगितलं की आता गरज नाही, काटा पंचेचाळीसवर आहे, उन्हाळा इथेच निघेल, तुम्हाला तुमचं गाव सोडायला नको. यांनी मान हलवली. श्वास घेतला, अंगठा ठेवला.

"घर चांगलं झालं. म्हणून तर बोलता आलं." पुन्हा श्वास. "इथे सगळ्यांना माझा आधीचा आवाज माहीत आहे. वामन तो काढून दाखवतो. मी पांघरुणात ऐकतो." पुन्हा श्वास. "स्वराली तो शोधत नाही. ती लहान आहे. तिच्यासाठी हाच माझा आवाज."

मी म्हटलं, मग आधी सांगायचं होतं. हे म्हणाले, लिहिलं होतं.

आणि मला राग आला. दिवाळीनंतर पहिल्यांदा मला काहीतरी आलं आणि ते एवढं आलं की मी उभी राहिले. मी म्हटलं, एक शब्द लिहिला होतात, एक. त्यावरून मी काय समजायचं? मी भिंती फोडून घेतल्या, पिण्याचं पाणी ओतलं, तुमच्या गळ्यात चिमटे घातले, आणि आता तुम्हाला ठाण्याला जायचं आहे? मला जायचं नाही. मला तिथे कोणी ओळखत नाही. मला तिथे भाजीवालासुद्धा हाक मारणार नाही. हे मी एवढ्या मोठ्याने बोलले की बंद खिडक्यांतूनही गोदाबाईंना ऐकू गेलं असेल. आणि बोलता बोलता मला कळलं की महिनाभर मी यांच्या नावावर माझाच खटला लढवत होते.

हे ऐकत राहिले. मध्ये बोलले नाहीत. कोर्टात समोरच्याला पूर्ण बोलू द्यायचे तसे. माझं संपल्यावर म्हणाले, "तुझं म्हणणं बरोबर आहे. माझंही." मग थांबून म्हणाले, "उन्हाळा ठाण्यात. पुढची तारीख जुलैत."

मी म्हटलं, मी तारखांना कंटाळलेली बाई आहे, मला आजच निकाल हवा. तर म्हणाले, आज सुट्टी आहे. मग आम्ही दुपारभर भांडलो. यांना प्रत्येक वाक्याला दम लागायचा आणि मी थांबायचे, थांबल्यामुळे माझा मुद्दा विसरायचे. असं भांडण आमच्यात पूर्वी रोज व्हायचं. शेवटी मी जुलैला तयार झाले. हरले की तडजोड झाली, ते सांगता येणार नाही. ताटं घासताना रडू आलं. खूप वेळ आलं. यांनी येऊन नळ बंद केला, पाणी वाया जात होतं.

संध्याकाळी ठाण्याला फोन लावला. यशोधनने उचलल्यावर यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि हॅलो म्हणाले. पलीकडून यशोधनने विचारलं, कोण बोलतंय? मी घाईने पुढे झाले. यांनी मला हाताने थांबवलं, शांतपणे श्वास घेतला, गळ्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "तुझा बाप बोलून राहिला."